आत्याचे दोन कप

"मेल्या, थांब! घरावरून पळतोस नि आत येत नाहीस? वाघ लागलाय मागे?"

मिरजोळ्यात अंगणाच्या दगडी गडग्यापाशी उभी राहून आत्या ओरडत होती. आवाज असा, की कारखान्याच्या भोंग्याने लाजून सुट्टी घ्यावी. माझ्या पुढचे चार पुणेकर दचकून एका लयीत उजवीकडे सरकले. त्यांचे बूट माझ्या मोटारसायकलपेक्षा महाग, आणि घड्याळं अशी, की माणूस मेला तर आधी त्यालाच कळवतील.

एकवीस किलोमीटरची शर्यत होती. लांजा-देवरूखकडच्या डायलिसिसच्या पेशंटना रत्नागिरीला आणायला एक गाडी हवी, त्यासाठी. आपलं जे माणूस गेलं, त्याचा फोटो छातीवर लावून धावायचं. माझ्या छातीवर दादा होता, माझा थोरला भाऊ. जन्मात एकदाच धावला तो, सुटलेल्या एसटीमागे. तेव्हाही ड्रायव्हरला दया येऊन एसटीच मागे आली, असं तोच सांगायचा. अशा माणसाच्या स्मरणार्थ शर्यत! उद्घाटकसाहेब आरोग्यावर पाऊण तास बोलले, झेंडा हलवला आणि पन्नास पावलांवरच्या चहाच्या मांडवात जायला गाडीत बसले. वरून ड्रोन नीट टिपेना म्हणून आयोजक आम्हाला दोनदा 'पुन्हा निघा' म्हणाले. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा माझी निम्मी शर्यत तिथेच संपली होती.

तीन तासांत पोचेल त्यालाच मेडल. ते दादाच्या फोटोला घालीन, असं मी लांज्याच्या बाजारात इतक्यांना सांगून ठेवलं होतं, की मासळीवालीसुद्धा बांगडे मोजता मोजता तारीख विचारायची. वहिनीने तर फोटोशेजारी खिळा ठोकून ठेवला होता.

"आत्या, वेळ लावलीय गो त्यांनी!"

"लावू दे. तोही असाच. यायचा, पायरीवर टेकायचा नि चहा नको म्हणायचा."

हे मात्र खरं. दादाची आधी साखर बंद झाली, मग डायलिसिस लागल्यावर पाणीसुद्धा मापात. लांज्याहून एसटीने यायचा, आत्याकडे घटकाभर बसायचा आणि कोरड्या तोंडाने दवाखान्यात जायचा. डॉक्टरचं म्हणणं आत्याला कधी पटलंच नाही. आपल्या हातचा चहा भाच्याला नकोसा झाला, एवढंच तिने धरून ठेवलं. तो गेला तरी सोडलं नाही.

पायरीवर दोन कप वाफाळत होते.

"हा तुझा. हा त्याचा. राहिलाय."

पुणेकर वळणावर दिसेनासे झाले. मी बसलो. चहा असा कढत, की वाफेने छातीवरच्या दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. बशीत ओतून फुंकर मारीपर्यंत माझ्या मागची सगळी रत्नागिरी पुढे गेली. नातवाची बाबागाडी ढकलणारे एक आजोबा गेले. पाय मुरगळलेला एक जण लंगडत गेला, आणि जाताना माझ्याकडेच कीव आल्यासारखं बघून गेला. मी दुसरा कप उचलला. थेंब तरी उरतोय का, यावर आत्याची नजर होती. कप उपडा करून दाखवला तेव्हा कुठे म्हणाली, "जा आता. पळ."

पळतोय कसला! पोटात दोन कप, दर पावलाला घुसळण. भाट्याच्या पुलापाशी पोचलो तेव्हा शर्यत संपल्याची कमान उतरवत होते. आरोग्यावरचे फलक टेम्पोत पडले होते आणि वर बसून एक कार्यकर्ता सिगारेट ओढत होता.

"मेडल नाही मिळणार, काका. केळं घ्या."

वहिनी शेवटच्या खुर्चीवर बसली होती. तिच्यामुळे मांडववाल्याची आवराआवर खोळंबली होती. मी तिला सांगायला लागलो, की वाटेत रेडा आडवा आला, मग गॅसचा टँकर, मग दोघांचं भांडण मीच सोडवलं. शेवटी म्हटलं, "आत्याने अडवलं. दादाचा राहिलेला चहा प्यावा लागला."

"साखर होती त्यात?"

"तीन चमचे."

"मग झालं."