मालिकेतल्या पोरीची ओटी

माझी आई संध्याकाळी सात ते साडेसात कुणाची नसायची. दारात पाहुणा आला तरी हातानंच "बसा" म्हणायची आणि नजर टीव्हीवर. मालिकेतल्या सुनेचा छळ चाललेला असे. एकदा सासूनं त्या सुनेला घराबाहेर काढलं, तर आई त्या रात्री जेवली नाही. "गळ्याखाली घास उतरत न्हाई गं," ती मला फोनवर म्हणाली. मी भिंगारला सासरी. कुकरची शिटी मोजता मोजता म्हणाले, "आई, तिला रडायचे पैसे मिळतात. ती जेवून झोपली असेल." आईनं फोन ठेवून दिला.

मी चिडायचे, खरं सांगते. वडील गेल्यापासून आई कमी बोलायची. माझ्याशी दोन वाक्यं आणि त्या मालिकेवर वीस. रिकामटेकड्या माणसांना नटनट्यांचं वेड लागतं, असं माझं ठाम मत होतं. आई मात्र पहाटेपासून भातखाचरात राबायची. तिला रिकामटेकडी म्हणणारी मी नोकरीच्या ठिकाणी खुर्चीत बसलेली असायचे.

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या वर, डोंगरात, भंडारदऱ्याच्या बाजूला आमचं गाव. मी माहेरी गेले की निघायच्या दिवशी माझी ओटी भरायची रीत. ताट आईच तयार करायची. घरचे वासाचे तांदूळ, नारळ, खण, सुपारी, हळकुंड, कुंकवाचा करंडा, सगळं जिथल्या तिथं. मग शेजारून काकूला हाक मारायची. काकू सवाष्ण, म्हणून ओटी काकू भरणार. काकूनं करंडा उघडला की आई उठायची. "भात करपंल, बघून येते," म्हणत मागे चुलीकडं जायची. मी बसमध्ये बसायच्या वेळीच पुन्हा समोर यायची. वडील गेल्यापासून सहा वर्षं हे असंच चाललं. भात कधी करपला नाही, आणि मीही कधी काही विचारलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर मी गेले, तेव्हा गावात एकच चर्चा होती. त्याच मालिकेचं शूटिंग धरणाच्या काठावर चाललं होतं. आईनं आदल्या दिवशीच ताट मांडून ठेवलं होतं.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"तिची आई वारली न्हाई का मागल्या महिन्यात? माहेर न्हाई पोरीला. आपल्या गावात आलीय, तर रिकाम्या ओटीनं जाऊ द्यायची व्हय?"

मालिकेतली आई वारली होती. मी कपाळावर हात मारला. काकू म्हणाली, "भरू की. मी येते." काकूला या असल्या गोष्टींचा कधी कंटाळा नसे.

जीपनं तिघी गेलो. दोरी बांधून गर्दी अडवलेली होती. नट्यांच्या मागे धावणाऱ्यांना नावं ठेवणारी मी मोबाईल उंच धरून दोरीला पोट लावून उभी राहिले, हेही सांगायला हवं. काकूचा गुडघा धरलेला, ती माझ्यामागं अडकली. आई ताट घेऊन कशी कोण जाणे दोरीखालून गेली. ती पोरगी छत्रीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वडापाव खात होती. पडद्यावर दिसते त्यापेक्षा बारकी आणि दमलेली. अंगावर मालिकेतलं लुगडं, गळ्यात मालिकेतलं मंगळसूत्र.

ताट दिसताच ती उठली, हात पुसले, डोकं झाकलं आणि पदर पसरला.

आईनं मागं वळून काकूला शोधलं. काकू दोरीच्या अलीकडं. तिकडून कुणीतरी ओरडत होतं, शॉट तयार आहे म्हणून. "भरा ना मावशी," ती पोरगी म्हणाली, "मला बोलावतायत."

आईनं माझ्याकडं पाहिलं. तो व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे. त्यात आई सरळ माझ्याकडं बघते आणि मी मोबाईल तसाच धरून शूटिंग करत राहते. मग आईनं करंडा उघडला. तिच्या बोटाला सहा वर्षांनी कुंकू लागलं. त्या पोरीच्या कपाळावर ते जरा वाकडंच टेकलं. तांदूळ, नारळ, खण पदरात गेले. तिनं चिमूटभर तांदूळ परत ताटात टाकले, आईच्या पाया पडली आणि पळाली. सगळं मिनिटभरात.

आईचं मोकळं कपाळ तिला दिसलं नसेल का? की दिसूनही तिला काही वाटलं नाही? मला माहीत नाही.

जीपनं परत निघालो. आई हळूच काकूला म्हणाली, "पाप लागंल का गं?"

"कुनाला?" काकू म्हणाली. "तिचं तर खरं लगीनच झालं न्हाई. भरनारी सवाष्ण न्हाई आन् घेनारी बी न्हाई. देवच बुचकळ्यात पडला आसंल!"

आई हसली. एवढी हसली की जीपवाल्यानं आरशातून पाहिलं. असं हसू वडील गेल्यापासून मी ऐकलं नव्हतं.

तेव्हा मला माझ्या ठाम मताची लाज वाटली. गावात सगळे आईला ओळखतात, आणि ओळखतात म्हणून जपून वागतात, बाजूला बसवतात. टीव्हीतली ती पोरगी आईला ओळखत नव्हती. रोज अर्धा तास आई तिच्यासमोर नुसती आई असायची, बिचारी नसायची. एवढ्यासाठी माणूस एखाद्या परक्या चेहऱ्याला जीव लावत असेल, तर लावो बापडा. त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. ताट तयार होतं. काकू आली. तिनं करंडा उचलला तशी आई उठली, "भात करपंल..."

मी तिच्या वाटेत उभी राहिले आणि ओढणी पसरली.

"हे काय? काकू हाय की."

"टीव्हीवालीला चालतं, मला नाही व्हय?"

आई काकूकडं बघत राहिली. काकूनं करंडा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "भर की. तुझीच हाय."

आईनं माझी ओटी भरली. घाई केली नाही. मूठ मूठ तांदूळ घातले, नारळ दोनदा नीट ठेवला. मी चिमूटभर तांदूळ तिच्या ताटात परत टाकले आणि पाया पडले. उठताना मला एवढंच सुचत होतं, की हे मागायला मला सहा वर्षं लागली, आणि तेही दुसरीचं बघून.

घरभर जळका वास सुटला होता. चुलीवरचा भात त्या दिवशी खरंच करपला.