विमलमावशी आणि पिवळी रेघ

विमलमावशींच्या हातात बाटली आली की त्या आधी तिच्यावरच्या नावावर अंगठा ठेवायच्या. पत्र आलं तर खालची सही झाकायच्या. "नाव मागून. आधी माल बघू," म्हणायच्या. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना, म्हणून झाशीच्या नगरा भागात घरामागच्या दोन खोल्यांत त्यांनी प्रयोगशाळा मांडली होती. जडीबुटीचे व्यापारी मुळ्या, साली, चूर्णं आणून द्यायचे आणि मावशी त्यांत खरं किती, भेसळ किती ते सांगायच्या.

मी तिथे काच धुवायला लागले. मी परभणीकडची, आठवीत शाळा सुटलेली. नवरा झाशीजवळच्या बबीन्यात ठेकेदाराचा ट्रक चालवतो, चार-चार दिवस बाहेर. एका खोलीत भिंतींशी बोलून बोलून वेड लागायची वेळ आली होती. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून मावशी हसल्याच. "अरे वा! म्हणजे आता मला मराठीत रागवायला कोणी तरी मिळालं!" त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीचं. मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरायच्या ते त्यांनाही कळायचं नाही. मी मॅडम म्हटलं, तर म्हणाल्या, "मॅडम कॉलेजात राहिली. मावशी म्हण."

कामाची रीत साधी होती. काचेच्या पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा लेप द्यायचा, तो वाळला की खालच्या कडेला औषधाच्या अर्काचे थेंब ठेवायचे आणि पट्टी द्रावणात उभी करायची. अर्क वर चढतो आणि एकेक रंग आपापल्या उंचीवर सोडून जातो. मग निळ्या दिव्याच्या पेटीत धरून ते रंग वाचायचे. काच धुणं आणि लेप देणं माझ्याकडे, थेंब ठेवणं सक्सेनाजींकडे, वाचणं मावशींकडे. सक्सेनाजी माझ्याहून वयाने मोठे, मावशींचे सहायक. रोज संध्याकाळी आम्ही दोघांनी दिवसभरात काय केलं ते वहीत लिहायचं, हा नियम. "चार ओळी लिही, चुकल्या तरी चालतील," मला म्हणायच्या.

दुपारी त्यांचा दुसरा उद्योग. झाशीतली जुनी मराठी घरं आपली पत्रांची बाडं त्यांच्याकडे आणायची आणि विचारायची, हे कोणी लिहिलं? मावशी अक्षराकडे बघायच्याच नाहीत. "तेव्हा कारकुनाकडून लिहवून घ्यायचे गं. अक्षर भाड्याचं, काळजी मात्र स्वतःची. माणूस पहिल्यांदा कशाची चौकशी करतो ते बघ." एका घरात आजोबांचं म्हणून जपलेलं पत्र त्यांनी आजींचं ठरवलं. पत्रात पोराच्या परीक्षेची चौकशी नंतर, आधी विहिरीचा दोर बदलला का, असं विचारलं होतं. "हा दोर रोज ज्याच्या तळहाताला लागतो, त्यालाच तो आठवतो."

त्या संक्रांतीला त्या मला मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला घेऊन गेल्या. किती दिवसांनी इतक्या बायका मराठीत बोलताना ऐकल्या! मला कोणी तरी हळदीची वाटी दिली. मी शंभर कपाळांना तरी बोट लावलं असेल. घरी येईपर्यंत हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्ट्या सक्सेनाजींच्या हातात दिल्या. चिरगाँवच्या एका व्यापाऱ्याची शतावरी होती. पिवळ्या शतावरीला भाव जास्त, म्हणून काही लोक पांढरीला हळद चोळतात. त्या पट्टीवर पिवळी रेघ उमटली. मावशींनी अहवाल लिहिला: हळदीची भेसळ. अहवाल गेला. गिऱ्हाइकाने माल परत केल्याचं आणि बाजारात त्या माणसाची छी-थू झाल्याचं चार दिवसांत कळलं.

पण मला त्याच्या आधीच कळलं होतं. अहवाल गेला त्याच संध्याकाळी मी पट्ट्या आवरत होते. निळा दिवा चालूच होता. पेटीत हात घातला आणि माझ्या नखांच्या कडा चमकल्या. तोच पिवळा. मी हात मागे घेतला आणि साबणाने इतका चोळला की कातडं सोललं.

सांगायचं तोंडावर यायचं आणि गिळलं जायचं. काम गेलं तर परत ती बबीन्याची खोली. पाचव्या दिवशी डाव्या हाताने हिंदीत चिठ्ठी लिहिली आणि टपालाच्या गठ्ठ्यात सरकवली. 'काँच ठीक से धुली थी. पर लेप पर किसी का हाथ लगा होगा. चिरगाँव का माल फिर जाँचिए.' खाली नाव नाही.

मावशींनी गुपचूप त्या मालाचा राखून ठेवलेला नमुना पुन्हा तपासला, लेपही स्वतः देऊन. पिवळी रेघ आली नाही. सक्सेनाजींचा चेहरा उतरला. "दीदी, थेंब मैंने लगाए थे. लोग तो मुझे ही कहेंगे." दुपारी मावशींनी माझ्यापुढे ती चिठ्ठी ठेवली, शेजारी आमच्या दोघांच्या वह्या.

"सांग बेटा, कोणी लिहिली?"

सक्सेनाजींचं नाव घेणं अगदी सोपं होतं. त्यांच्या वहीत रोज पहिली ओळ थेंबांची. माझ्या वहीत रोज पहिली ओळ: काच धुतली. चिठ्ठीचीही तीच. मी ती वाचत राहिले. मावशी स्टोव्हवर चहा ठेवायला गेल्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मावशी, मी लिहिली. हातही माझाच होता. हळदीकुंकवाचा."

"हं. चहात साखर किती?"

मी रडायला लागले, तर म्हणाल्या, "रडणं बसमध्ये कर. चिरगाँवला जायचंय."

व्यापारी दुकानातच होता. मावशी उभ्यानेच बोलल्या. "भैया, आपका माल सही था. रिपोर्ट पर दस्तखत मेरे हैं, गलती मेरी." मी मध्येच म्हणाले, "हाथ मेरा था." तो आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. मग म्हणाला, "बाहर चलिए. जो यहाँ कहा, वही चौखट पर कहिए." मावशी पायरीवर उभ्या राहिल्या आणि भर बाजारात, कॉलेजातल्या आवाजात, सगळं पुन्हा बोलल्या. शेजारचा किराणावाला तराजू धरून ऐकत होता. माझी मान वर झाली नाही.

पुढच्या महिन्यात त्याच माणसाचं नवं पोतं आलं, सोबत निरोप: प्लेट वही बहनजी बनाएँ. सक्सेनाजी हसले. "लो भई, हमारी छुट्टी." त्या दिवसापासून थेंब ठेवायला मी शिकले, त्यांनीच शिकवलं.

मावशी गेल्या थंडीत गेल्या. झोपेत, कोणाला त्रास न देता. प्रयोगशाळा आता सक्सेनाजी आणि मी चालवतो. पट्टीवर अर्क चढायला लागला की आजही मी नखं निळ्या दिव्यात धरून बघते, उठून हात धुऊन येते, परत बसते, परत उठते. एकदा मी मावशींना विचारलं होतं, ही भीती कधी जाईल?

"ज्या दिवशी जाईल त्या दिवशी मला सांग," त्या म्हणाल्या होत्या. "मी दुसरं माणूस शोधीन."

त्या गेल्या. त्यांना सांगावं असं मात्र अजून काही झालेलं नाही.