बूचभर खत

आफ्रिकेत खत पुरवणाऱ्या कंपनीत मी पैसे गुंतवलेत. तिथे पेरणी तोंडावर आली तरी यंदा खताचं जहाज बंदरातच अडकलेलं, त्यामुळे माझी झोप उडाली होती. आज मलावीत त्याच कंपनीत काम करणाऱ्या भाचीने शेतातूनच व्हिडिओ कॉल केला.

"मामा, पोचलं एकदाचं!"

हुश्श! तिच्यामागे एक बाई सोड्याच्या बाटलीच्या बुचाने मक्याच्या खड्ड्याखड्ड्यात खत घालत होती, सांडलेला दाणा न् दाणा वेचत होती. त्या एवढ्याशा बुचात माझी झोप आणि तिचं अख्खं वर्ष मावत होतं.

"तूही वाट बघत होतास, हे मी तिला सांगितलं. ती विचारतेय, तुझं शेत केवढं?"

गॅलरीत माझी एकच कुंडी.

"सांग तिला," मी म्हटलं, "माझं तिच्याच शेतावर चाललंय."