तापलेले सेल

वडसाच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला एक बाई होत्या. रेडिओ-रिमोटवर चालणारी त्यांची छोटी बोट तळ्यात सुटली की पोरी काठाकाठाने धावायच्या. बोटीचे सेल पुन्हा पुन्हा चार्ज होणारे. बाई ते मातीच्या परळात ठेवून चार्ज करायच्या, शेजारीच बसायच्या आणि लेकराचा ताप पाहावा तसा मधूनमधून हात लावायच्या. जुन्या सेलांत नवा मिसळू द्यायच्या नाहीत. मी तिथलाच एक मास्तर, घराण्यातला पहिला बी.ए., सहसा कोणाला मानत नसे. बाईंना मानत होतो.

एकदा शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार होते. बोट पाहून ते खूश झाले तर अकरावीचा विज्ञानाचा वर्ग मिळेल, अशी आम्हाला आशा होती. नेमकी वीज गेली. हेडमास्तरांनी घाईत, बाईंना न विचारता, सेल थेट ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडले. बाई आल्या तेव्हा सेलांना हात लाववत नव्हता.

“ओला दुपट्टा गुंडाळून थंड करा अन् लावा बोटीत,” हेडमास्तर म्हणाले. “साहेब उभे हायेत.”

“तापाचं लेकरू नोहे ते सर. फुटतीन. पोरी काठावर हायेत.”

त्यांनी सेल सगळ्यांपासून दूर वाळूत ठेवले. साहेब कंटाळून निघून गेले. वर्ग मिळाला नाही.

“एवढं काऊन ताणलं बाई?” मी नंतर विचारलं.

“असे सेल लावून वर्ग आणला असता भाऊ, तं त्या वर्गात पोरीईले काय शिकवलं असतं मी?”