केवळरामजींनी सोडलेला नारळ

काशीला गेलं की काहीतरी सोडून यावं लागतं, आणि जे सोडायचं ते जिवाभावाचं असावं लागतं. आमगावच्या केवळरामजींनी नारळ सोडला.

घाटावरच्या पंड्यानं सांगितलं होतं, "जो सबसे प्यारा है, वही छोड़ो." केवळरामजींनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून डोळे मिटले आणि आपल्याला काय काय आवडतं याची मनाशी उजळणी केली. वांग्याचं भरीत आवडत होतं, झिंगे आवडत होते, आंब्याचा रस तर फारच आवडत होता. यातलं काहीच सोडवेना. मग त्यांना नारळ आठवला. आमच्या धानाच्या मुलखात नारळ देवापुढं फुटतो, नाहीतर सत्काराला शालीसोबत मिळतो आणि पुढच्या सत्काराला दुसऱ्याच्या हाती जातो. शिवाय ओलं खोबरं केवळरामजींच्या घशाखाली लहानपणापासून कधी धड उतरलंच नव्हतं. त्यांनी ओंजळभर पाणी सोडलं आणि नारळ गंगार्पण केला. मटणाच्या रश्श्यात सुकं खोबरं असतं, पण तो मसाला, त्याला नारळ म्हणायचं नाही, हेही त्यांनी पाण्यातून बाहेर येण्याआधीच ठरवून टाकलं.

सोबतच्या शालीकरामनं भोळेपणानं वांगं सोडलं. तेव्हापासून हिवाळ्यात शेकोटीवर वांगी भाजायला घेतली की तो उठून लांब जाऊन बसतो. केवळरामजींच्या पत्नीनं, रुख्माबाईंनी, काय सोडलं ते कोणी विचारलं नाही.

गावी परतल्यावर केवळरामजींच्या त्यागाला तेज चढलं. सत्यनारायण असो की वास्तुशांत, कोणी खोबऱ्याचा तुकडा पुढं केला की ते तळहात आडवा धरत, डोळे अर्धवट मिटत आणि म्हणत, "माफ करा, माझा नारळ काशीले सुटला." मग काशीची हकीकत सुरू होई आणि प्रसादाचं ताट धरलेला माणूस अवघडून उभा राही. बघता बघता आमगावात त्यागी माणूस म्हटलं की त्यांचंच नाव निघू लागलं. शेताच्या धुऱ्याचे, म्हणजे बांधाच्या हद्दीचे, तंटे मिटवायला लोक त्यांना बोलावू लागले. ज्यानं देवाचा नारळ सोडला तो खोटा निवाडा कशाला देईल, असा गावाचा सरळ विचार. त्या मानाची त्यांना इतकी गोडी लागली की एखाद्या पूजेत प्रसादाला नुसता शिरा असला तर ते नाराज होऊन परत येत.

दुखणं एकच होतं, मुलगी हर्षा. तिनं नागपुरात हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि ती मलेशियाला जाऊन तिथल्या एका हॉटेलात स्वयंपाक करू लागली. केवळरामजी गावात सांगत, "मॅनेजर हाये." ही मॅनेजर एक दिवस परत आली, गोंदियाच्या बाजारातलं चपलांचं एक बंद पडलेलं दुकान तिनं भाड्यानं घेतलं आणि दारावर पाटी लावली: 'नारियल'. तिकडच्या स्वयंपाकात नारळाशिवाय पान हलत नाही म्हणे.

पाटीची बातमी ऐकून केवळरामजींना मनातून बरंच वाटलं. आपल्या पोरीनं परक्या लोकांसाठी भात रांधावा हे त्यांना पटत नव्हतं, पण तसं तोंडावर म्हणण्याची हिंमतही नव्हती. आता नारळानं परस्पर सोय केली. ते फोनवर म्हणाले, "येईन मी. पण खाणार नाही, पोरी. माझा नेम तुले माहीत हाये."

"हो बाबा," हर्षा म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "तांदूळ तरी आपल्या बांधीतला देसान ना?"

आपल्या शेतातला तांदूळ त्यांनी दिला. तांदळाबद्दल गंगेशी काही बोलणं झालं नव्हतं.

अक्षय तृतीयेला हॉटेल उघडलं. आमगावाहून भाऊबंद आले, शालीकराम आला, गोंदियाचे आजूबाजूचे दुकानदारही बायकापोरांना घेऊन आले. जागा लहान, टेबलं थोडी, पंखे मात्र जोरात. केवळरामजी आत शिरले आणि दारातच थबकले. आतून वास येत होता. नारळाच्या दुधाचा, आल्याचा, गवती चहाचा, परतलेल्या शेंगदाण्यांचा, आणि त्या सगळ्याच्या खाली आपल्याच बांधीतल्या भाताचा. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. नारळानं त्यांना असा दगा आजवर कधी दिला नव्हता.

शालीकरामनं कार्डावर 'नासी लेमाक' असं वाचलं आणि विचारलं, "हा नाशिकचा भात होय का वं?"

"नारळाच्या दुधात शिजवलेला भात हाये, काका," हर्षा हसून म्हणाली. "तांदूळ आपलाच."

केवळरामजी आग्रहाची वाट पाहत बसले. आग्रह होईल, आपण नाही म्हणू, पुन्हा आग्रह होईल, मग काशीची हकीकत सांगू, असं सगळं त्यांनी आमगावाहून येताना गाडीतच जुळवून ठेवलं होतं. हर्षानं मात्र त्यांच्यापुढं मुकाट्यानं एक थाळी आणून ठेवली. वरण, भात, भेंडीची भाजी, पापड. "तुमच्यासाठी येगळ्या भांड्यात केलं, बाबा. नारळाचा हातही लागू नाही दिला." एवढं बोलून ती आत निघून गेली. आपण जेवायला येऊन उपाशी राहणार, असं केवळरामजींना पहिल्यांदाच वाटलं.

ते रुख्माबाईंकडे झुकले. "काय वं, नारळाचं दूध म्हणजे नारळ होते का?"

"मंग काय होते?"

"नाही, गाईचं दूध पेलो तं गाय खाल्ली म्हणते का कोणी?"

रुख्माबाईंनी पदर तोंडाला लावला. "असं असन तं शालीकभाऊले वांग्याचा रस्सा चालाले पायजे."

शालीकराम शेजारीच होता. त्याच्या हिरव्या रश्श्यात नेमकी वांगी निघाली होती. तो एकेक फोड उचलून ताटाच्या कडेला ठेवत होता आणि उरलेलं मिटक्या मारत खात होता. केवळरामजींनी दुधाचा विषय तिथंच सोडला आणि वरणभात कालवला.

पलीकडच्या टेबलावर भुपेंद्र नावाचा कापडवाला घरच्यांना घेऊन बसला होता. त्यानं कार्ड उलटंपालटं पाहिलं, मग केवळरामजींच्या थाळीकडे पाहिलं आणि हर्षाला विचारलं, "वो आपके पिताजी हैं ना? क्या खा रहे हैं?"

"दाल-चावल."

"तो हमको भी वही दे दो. घर का आदमी जो खाए, वही ठीक."

हे ऐकून मागच्या टेबलानंही वरणच मागवलं. आमगावची प्रेमिला आत्या पांढऱ्या रश्श्याकडे मघापासून संशयानं पाहत होती, तिनं वाटी दूर सारली. "बापच खाऊन नाही राहिला, तं काही तरी असन. मलेही वरण दे वं." एका माणसापुरतं केलेलं वरण केव्हाच संपलं. हर्षा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागं नारळाच्या रश्श्यांची पातेली काठोकाठ भरलेली दिसत होती. ती सगळ्यांकडे पाहत होती, फक्त बापाकडे पाहत नव्हती.

केवळरामजींनी ते पाहिलं. आपण रुसून बसलो असतो, भांडलो असतो, तरी पोरीचं एवढं नुकसान झालं नसतं. नुसता वरणभात खाऊन आपण तिचं दुकान बुडवायला निघालो. बरं, आता नेम मोडावा तर आमगावात बोभाटा होणार की पोरीच्या हॉटेलनं बापाची काशी बाटवली. वाट एकच उरत होती, आणि त्या वाटेवर त्यांच्याजवळ होता नव्हता तेवढा सगळा मान ठेवून यावा लागणार होता. ते पापडाकडे पाहत राहिले. मग उभे राहिले.

"ऐकून घ्या गा सगळे," ते म्हणाले. आवाज तंटा मिटवतानाचाच होता. "मी काशीले नारळ सोडलो ना, ते काही सोडणं नव्हे. मले नारळ आवडतच नव्हता. जे आवडे ते सोडवलं नाही, म्हणून नावडतं सोडलो. गंगामाईले फसवलो, तुमालेही फसवलो. आणखी एक सांगतो. माही पोरगी मलेशियाले मॅनेजर नव्हती, रांधत होती." ते खाली बसले. "आण पोरी, तुह्या हातचं."

मग शालीकराम मांडीवर थाप मारून म्हणाला, "केवळराम, आता झाली ना गा तुही काशी!" आणि सगळं हॉटेल हसलं. त्यांच्याकडून धुऱ्याचा तंटा मिटवून घेतलेला दुधराम तेवढा हसला नाही. "मंग माह्या धुऱ्याचा निवाडा खरा का खोटा?" असं तो विचारत राहिला.

हर्षानं स्वतः वाढलं. केवळरामजींनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. ती तिथंच उभी होती. "मीठ बराबर हाये का, बाबा?" तोंड भरलेलं असल्यामुळं त्यांना बोलता येईना, त्यांनी ताट पुढं केलं. ते पाहून भुपेंद्रनं आपली वरणाची वाटी बाजूला ठेवली. "अच्छा, तो फिर वही लाओ." प्रेमिला आत्यानंही दूर सारलेली वाटी हळूच परत ओढली.

शेवटी गोड आलं. चिकट भात, त्यावर नारळाचं दाट दूध आणि कापलेला पिकला आंबा. केवळरामजींनी आपली वाटी चाटूनपुसून संपवली, तेव्हा रुख्माबाईंनी स्वतःची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

"तू काऊन नाही खात?"

"मी आंबा सोडली हाये."

त्यांचा हात थांबला. दर उन्हाळ्यात ती पातेलं भरून रस काढायची, उभ्यानं सगळ्यांना वाढायची, त्यांच्या वाटीत तर मागितल्याशिवाय ओतायची.

"कवा?"

"काशीले. तुमी नारळ सोडले तवाच."

"मंग सांगतली काऊन नाही?"

"सांगाले कवा भेटलं?" रुख्माबाई म्हणाल्या. "तुमचंच सांगनं चालू होतं."