अकोला ते मेलबर्न, बारा तास

आई वैशाखात गेली, भर दुपारी, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या घरात. तिचा हात माझ्या हातात होता. लग्न झाल्यापासून मी अमरावतीत असते. बडनेऱ्याहून गाडी धरून दर शनिवारी तिच्याकडे यायचे, आणि शेवटी शेवटी तर तिथेच मुक्काम होता. भाऊ मेलबर्नला. आईनं काकांसमोर मला सांगून ठेवलं होतं, "मले आगीन तूच देजो." काका तेव्हा हसले होते.

आता ते हसले नाहीत. त्यांनी मोबाइल काढला, अकोला ते मेलबर्न किती लांब ते शोधलं आणि जमलेल्या भाऊबंदांना वाचून दाखवलं: विमानाला बारा तास. म्हणजे पोरगा सकाळी हजर. लगेच विजेवर थंड राहणारी शवपेटी भाड्यानं आली. मी सांगत होते की हा नुसता सरळ रेषेचा हिशेब आहे, अकोल्यात असलं विमान उतरतच नाही, त्याला सिंगापूर, मुंबई आणि मग रेल्वे असं यावं लागेल. मोबाइल काय खोटं बोलते, असं म्हणून काकांनी मला गप्प केलं. जन्मभर उशिरा येणाऱ्या गाड्यांची वाट पाहिलेली ही माणसं, पण मोबाइलवर दिसलं की त्यांना ते ब्रह्मवाक्य.

सकाळ झाली तेव्हा भावाला तिकीटसुद्धा मिळालेलं नव्हतं. त्या दिवशी वीज दोनदा गेली आणि पेटी तापली. बायका नाकाला पदर लावून बसल्या. माझ्या आईजवळ, नाकाला पदर लावून! मला त्यांचा संताप आला, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं म्हणून जास्तच आला. मी काकांना म्हटलं, मी देते अग्नी, तिचीच तशी इच्छा होती. त्यांनी भावाला फोन लावून मोबाइल माझ्यापुढे धरला.

"ताई, थांब ना," तो म्हणाला. "मी येऊन राहिलो."

तो आला तिसऱ्या दिवशी. तोंडावरचं कापड काढू नका, असं जाणत्यांनीच बजावलं होतं, त्यामुळे आईचा चेहरा त्याला दिसलाच नाही. अग्नी त्यानं दिला. लेकरू केवढ्या दुरून आलं, म्हणत लोक रडले. मला रडू आलं नाही. मला फक्त घरी जायचं होतं.

तेरवीच्या आधीच त्याचं परतीचं विमान होतं, रजा नव्हती. तो गेल्यावर काकांनी पुढचं सगळं मला सांगायला घेतलं: तेरवीचा स्वयंपाक, घराची आवराआवर, आई गेली त्या जागेवरचा रोजचा दिवा.

"तू त जवळच हायेस," ते म्हणाले.

मी पिशवी उचलली. "काका, अकोला आता मले लय दूर पडते."