लाभार्थीची सही

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, मार्कांवर मिळाली. मार्क होतेच, पण ते अर्धंच कारण. ती देणाऱ्या संस्थेची अट अशी होती की विद्यार्थिनीने दर आठवड्याला सहा तास समाजसेवा करायची आणि दुसऱ्या वर्षापासून चार ज्युनिअर मुलींचा गट घेऊन स्वतःचा उपक्रम चालवायचा. याला ते नेतृत्व म्हणत. वर्षाअखेर तपासणी व्हायची आणि ती नीट झाली तरच पुढच्या वर्षाची फी मिळायची. माझे वडील दशाश्वमेध घाटावर यात्रेकरूंची श्राद्धं-पूजा सांगतात. शिष्यवृत्ती गेली तर मी घरी बसून बाहेरून बी.ए. करायचं, हे आमच्याकडे आधीच ठरलेलं होतं. मला बी.ए. करायचं नव्हतं.

पहिलं वर्ष दुसऱ्यांच्या उपक्रमांत गेलं. घाटावरचं प्लास्टिक वेच, रक्तदान शिबिरात बिस्किटं वाट, असं. दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुली उपक्रमासाठी गंगेपलीकडची गावं शोधत हिंडू लागल्या. मी मनात म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? आमच्या दूधविनायकच्या मराठी गल्लीत निम्म्या घरांत म्हातारीच माणसं उरली आहेत. मुलं पुण्याला नाहीतर त्याहून लांब. गॅस फोनवर, बँक फोनवर, पेन्शनसाठी जिवंत असल्याचा दाखलाही फोनवर. त्यांची ही कामं करून द्यायची, औषधं आणायची, वाचून दाखवायचं. मी सात घरांची यादी केली आणि पहिलं नाव समोरच्या मावशींचं लिहिलं.

मावशी सख्ख्या नव्हेत. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, आणि गल्लीतल्या सगळ्यांच्याच मावशी. डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, पण तोंड शाबूत होतं. मी त्यांच्याकडे लहानपणापासून जात होते. आई काहीही वेगळं केलं की वाटीत घालून माझ्या हाती द्यायची आणि ती वाटी कधी रिकामी परत आली नाही. आमच्यात कोणाचंच भांडं रिकामं परत करत नाहीत, पण मावशी त्यात भारी कडक. लाडू, चिवडा, दोन खारका, घरात काहीच नसलं तर चमचाभर साखर. मी पाण्याची बादली वर चढवून दिली की चहा आणि माझ्या चुकलेल्या गणितांवर बोलणी. त्यांना कोणाचं काही अंगावर ठेवायचंच नव्हतं.

उपक्रमाला नाव द्यायचं होतं. मी फॉर्मवर हिंदीत लिहिलं, ‘एकाकी वृद्धजन सहयोग’. छान भारदस्त वाटलं. मावशींना विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. आमच्या गल्लीत विचारून कोणी कोणासाठी काही करत नाही, विचारणं हे परक्याचं काम. मी त्याच हिशेबाने फॉर्मही भरून टाकला.

वर्षभर काम उत्तम चाललं. माझ्या गटातल्या चौघी मराठी न कळणाऱ्या होत्या, पण मावशींनी त्यांना पोहे खायला लावले आणि दोघींचं त्रिकोणमितीचं भय घालवलं. मग फेब्रुवारीत समन्वयक मॅडम तपासणीला आल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, तीन जिने धापा टाकत चढल्या. यादीतलं पहिलं नाव म्हणून मावशींसमोर बसल्या आणि आदराने म्हणाल्या, “अम्मा, ये बच्चियाँ आपकी क्या सेवा करती हैं?”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“सेवा? हमारी? काहे, हमको क्या हुआ है?” त्या म्हणाल्या. “ये सामने की लड़की है. आती है, चाय पीती है, जाती है. बाकी चारों को हम पढ़ाते हैं.”

मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. खाली उतरल्यावर त्यांनी मला सांगितलं की आठवड्याभरात लाभार्थीची सही असलेलं पत्र आलं नाही तर उपक्रम रद्द धरावा लागेल. माझे तास गेले, चौघींचेही गेले.

दोन दिवस मी तसेच काढले. मावशींचा रागही आला, खोटं कशाला सांगू. एक शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? तिसऱ्या दिवशी पत्र आणि आईने दिलेली वाटी घेऊन वर गेले आणि सगळं सांगितलं.

“वाच,” त्या म्हणाल्या.

मी वाचलं. उपक्रमाचं नाव, मग ‘लाभार्थी’, मग त्यांचं नाव.

“एकाकी कोण?”

मी पत्राची दुमडलेली कड सरळ करू लागले.

“तू रोज वर येतेस, तुझी आई वाटी पाठवते, खालचा दूधवाला हाक मारल्याशिवाय जात नाही. आणि मी एकाकी. हे कोणाला विचारून लिहिलंस?”

“कोणालाच नाही.”

“आणि सही नाही केली तर?”

“शिष्यवृत्ती जाईल. मग घरी बसून बाहेरून बी.ए.”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर एक वानर कुणाचा तरी पापड खात होतं. मग चष्मा मागितला, पत्र डोळ्यांजवळ धरलं आणि रकाना चाचपून सावकाश पूर्ण सही केली, खाली तारीख. शाळेत प्रगतिपुस्तकावर करत असतील तशीच.

“पाच पोरींचं वर्ष कशाला वाया घालवायचं,” एवढंच म्हणाल्या आणि मी नेलेली वाटी धुऊन माझ्या हातात दिली.

घरी आईने झाकण काढलं. रिकामी वाटी हातात धरून तिने माझ्याकडे पाहिलं. “काय करून आलीस तू?”

मी सांगितल्यावर ती रागावली नाही. त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या वर्षी संस्थेने नियम केला की दर आठवड्याला लाभार्थीची सही आणायची. मी जायचे, काम करायचे, फॉर्म पुढे करायचे. मावशी चष्मा हाताशीच ठेवू लागल्या. सही करायच्या आणि म्हणायच्या, “थँक्यू बेटा.” बोलणी बंद, चहा बंद. आईने वाट्या पाठवणं थांबवलं नाही आणि प्रत्येक वाटी धुतलेली, कोरडी परत आली. निरोपाच्या कार्यक्रमात मला नेतृत्वाबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलं. मी समाजाचा विश्वास मिळवण्याबद्दल बोलले, टाळ्याही पडल्या. खाली उतरले तेव्हा माझी मलाच लाज वाटत होती.

निकाल लागला, एम.एस्सी.ला प्रवेशही झाला. शिष्यवृत्तीचा आणि माझा संबंध संपला. त्याच आठवड्यात आईने अळूची भाजी केली आणि मी वाटी घेऊन वर गेले. मावशींनी पावलं ओळखली आणि चष्मा लावला.

“आण फॉर्म.”

“फॉर्म नाही मावशी. संपलं ते.”

“मग कशाला आलीस?”

“आईने अळू दिलंय.” आणि मग जे दीड वर्ष सांगायचं राहिलं होतं ते म्हटलं, “तुम्हाला न विचारता लिहिलं, ते माझं चुकलं.”

त्यांनी वाटी घेतली, झाकण उचलून वास घेतला. “चिंच जास्त झालीय तुझ्या आईच्या हातून,” म्हणाल्या आणि आत गेल्या. डबे उघडल्याचे, मिटल्याचे आवाज आले. बराच वेळ लागला. मग वाटी झाकून माझ्या हातात दिली आणि जा आता, दुपारची झोपायची वेळ झाली, असं सांगितलं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी झाकण काढलं. तळाशी चमचाभर साखर होती. मी तिथेच पायरीवर बसले आणि बोटाने सगळी खाल्ली.

घरी आईने वाटी घेतली, आत पाहिलं. “आजही रिकामीच?”

“नाही,” मी म्हटलं. “मी खाल्ली.”